भोकाच्या दगडाचं पाणी

झाशीहून चिरगाँवला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागे नीरजा आणि तिची आत्या बसल्या होत्या.

"आत्या, त्या दगडाला भोक कोणी पाडलं गं?"

"कोणास ठाऊक. सासूबाईंच्या लहानपणीही होतं म्हणे. त्यात साठलेलं पाणी आजाऱ्याला पाजतात."

"त्यानं आतोबांची वाचा परत येईल? डॉक्टरसाहब काय म्हणतात?"

"त्यांच्या गोळ्या चालूच आहेत. हे पाणी मी उकळून देते."

"फरक पडला काही?"

"लकवा झाल्यापासून परवा पहिल्यांदा बोलले."

"सच्ची? काय बोलले?"

"तिसरा चमचा तोंडाशी नेला, तर म्हणाले, 'पुरे.'"

"आणि तरी तू आणखी आणायला निघालीस?"

"मग! आणखी पाजलं तर आणखी काही बोलतील."