कु. सुहासिनी बेहेरे समुद्रावरून परत न आल्याबाबत

स्वस्ति श्री. मानपत्रमार्तंड, सूत्रसंचालनसार्वभौम, निरोपसमारंभशिरोमणी, षष्ट्यब्दिपूर्तिसहस्रसाक्षी, तलावपाळीपासून पाचपाखाडीपर्यंत अखंडित शालश्रीफलप्रदानोद्घोषक, ध्वनिक्षेपकधुरंधर, विद्यावाचस्पती नव्हे परंतु तत्समान, रघुनाथसुत हरिहर.

(वरील मजकूर जबाब देणार यांच्या आग्रहावरून जशाचा तसा घेतला आहे. — लिहून घेणार, पोलीस हवालदार कलावती शेलार.)

नाव : हरिहर रघुनाथ बेहेरे. वय : ५३ वर्षे. व्यवसाय : मानपत्रलेखन व समारंभांचे सूत्रसंचालन. राहणार : नौपाडा, ठाणे (पश्चिम), तिसरा मजला, उद्वाहक नाही.

मी आज रोजी कोणीही न बोलावता पोलीस ठाण्यात येऊन, पूर्ण शुद्धीत व केवळ चहावर असताना, पुढीलप्रमाणे सत्य निवेदन करतो की,

वरील पत्त्यावर मी माझी ज्येष्ठ भगिनी कु. सुहासिनी, वय ६२, डोंबिवलीतील एका शाळेच्या निवृत्त पर्यवेक्षिका, हिच्यासमवेत राहतो. मीही अविवाहित आहे. आमच्या गृहात मतभेद उद्भवत नसत, कारण निर्णय तीच घेत असे. माझे प्रत्येक मानपत्र समारंभापूर्वी तिच्या नजरेखालून जात असे व ती त्यातील विशेषणे निम्म्यावर आणत असे. या जबाबाची प्रस्तावना तिच्या नजरेखालून गेलेली नाही, हे वाचणाऱ्याच्या ध्यानी आलेच असेल.

गत हिवाळ्यात सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील पालवतड या गावचे श्री. विठ्ठल तारी, वय अंदाजे ६०, विधुर, धंदा पर्यटकांना होडीतून फिरवणे व खोल्या देणे, हे ठाण्यातील एका पर्यटन मेळाव्यात मला भेटले. त्यांच्या गावी दरवर्षी कासव महोत्सव भरतो. वाळूत पुरलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले समुद्रात सोडताना पाहण्यास पर्यटक येतात. त्याची माहितीपत्रिका त्यांना हवी होती. मी ती लिहून दिली. मी पालवतड पाहिलेले नव्हते. समुद्राच्या नुसत्या कल्पनेने मला मळमळते. तथापि, ज्या सत्कारमूर्तींची मी आजवर स्तुती केली त्यांपैकी बहुतेकांनाही मी समारंभापूर्वी पाहिलेले नसते, व त्यामुळे कधी अडले नाही. मी लिहिले की, तेथे प्रत्यक्ष सहस्ररश्मी स्नानार्थ अवतरतो, डॉल्फिन मत्स्य अतिथींस अर्घ्य देतात, आणि त्या पुलिनावर एकदा पाऊल ठेवणारा मर्त्य परतण्याचे विसरतो.

सदर पत्रिका सुहासिनीने रीतीप्रमाणे तपासली. एकही विशेषण कापले नाही. माझा पहिला संशय येथे जागा व्हावयास हवा होता.

त्यानंतर काही दिवसांनी ती ठाणे-डोंबिवलीच्या ज्येष्ठ स्नेही मंडळाच्या सहलीत नाव घालून आली. मी कारण विचारले असता, "तूच लिहिलंयस ना, बघून येते खरं की खोटं," असे तिने सांगितले. प्रयाणापूर्वी तिने स्टेशनजवळून रुंद काठाची गवती टोपी खरेदी केली. ज्या स्त्रीने भर मे महिन्यात छत्रीदेखील "उगाच ओझं" म्हणून नाकारली, तिने टोपी घेणे संशयास्पद आहे. तसेच तिने चष्मे दोन्ही नेले. चार दिवसांच्या सहलीस मनुष्य एक चष्मा नेतो.

सहल गेली. मंडळाच्या समूहात रोज छायाचित्रे येत. होडीतून किल्ला, खाडीतले कांदळवन, वाळूचे गणपती, शहाळी. त्यांतील एका छायाचित्रात सुहासिनी घोट्याएवढ्या पाण्यात उभी असून हसत आहे व तिचे दात दिसत आहेत. आमच्या घरातील कोणत्याही छायाचित्रात तिचे दात दिसत नाहीत. मागे श्री. तारी शहाळे घेऊन उभे आहेत. शहाळे एकच आहे. त्यात नळ्या किती आहेत हे मी चित्र मोठे करून पाहण्याचा प्रयत्न केला, परंतु चित्र फुटले.

ठरल्या दिवशी सकाळी बस तीन हात नाक्यावर आली. सर्व उतरले. सुहासिनी उतरली नाही. माझ्या मामेबहिणीची कन्या रसिका, राहणार ठाकुर्ली, ही मंडळाची व्यवस्थापक म्हणून सोबत गेलेली होती. तिला मी तेथेच जाब विचारला. आमचे बोलणे येणेप्रमाणे झाले.

"अगं, ताई कुठाय?"

"मामा, मावशी राहिली."

"राहिली म्हणजे? विसरलात तिला?"

"विसरायला ती काय डबा आहे? स्वतः राहिली. एकदम मस्त आहे, तू टेन्शन नको घेऊस."

"कोणाला विचारून राहिली?"

"देवाला," असे रसिकाने उत्तर दिले व रिक्षा पकडली.

सायंकाळी ठाकुर्लीस जाऊन मी तिच्याकडून सविस्तर वृत्तांत घेतला. तो असा. पिल्ले सोडण्याच्या वेळी वाळूवर दोरी बांधतात व पर्यटकांनी तिच्यामागे शांत उभे राहावयाचे असते. पर्यटक राहत नाहीत. मोबाइल घेऊन पुढे घुसतात, उजेड पाडतात, पोरे पिल्लांवर पाय देतात. तारी व त्यांचे सहकारी घसा कोरडा होईपर्यंत ओरडत होते. सुहासिनीने टोपी सारखी केली, पुढे गेली आणि आवाज न चढवता म्हणाली, "रेषेच्या मागे." रसिकाच्या सांगण्यानुसार सारा किनारा मागे सरला. एक सद्गृहस्थ, जे कल्याणात बांधकाम व्यावसायिक आहेत, त्यांनी मोबाइल पाठीमागे लपवला. पिल्ले पाण्यात गेली. त्यावर तारी तिला म्हणाले, "बाय, तुम्ही हंगाम संपासर रवा. आमचा कोण आयकणा नाय."

प्राण्यांच्या रक्षणार्थ मनुष्याला अडकवून ठेवणे कोणत्या कलमात बसते, हे मी हवालदार मॅडम यांना विचारले. त्यांनी पाहून सांगते असे म्हटले.

सुहासिनीने लगेच होकार दिला नाही. दुसऱ्या दिवशी ती ग्रामदेवतेपुढे गेली. त्या भागात कौल लावण्याची प्रथा आहे. गुरव पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी गावाच्या वतीने देवाला प्रश्न घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मानकरी म्हणजे पुन्हा श्री. तारीच. अर्थात ज्याला बाई हवी, त्यानेच देवाला विचारले की बाई राहू दे का. उजवी पडली. न्यायदानाची ही पद्धत इतरत्र कोठे आढळली असती, तर आपण सर्वांनी आक्षेप घेतला असता.

माझा स्पष्ट संशय असा की, उजव्या पाकळीस पाणी कमी लावले होते.

म्हणून मी स्वतः पालवतडला गेलो. प्रवासाचे वर्णन करत नाही, प्रकृतीस्तव. पोहोचलो तेव्हा सुहासिनी आवाठाच्या, म्हणजे त्यांच्या वाडीच्या, तोंडाशी बाकावर बसून उन्हात काहीतरी निवडत होती. वर्ण काळवंडलेला होता. मला पाहून ती म्हणाली, "हरी, टोपी नाही आणलीस?" मी म्हणालो, चल. ती म्हणाली, "आज पिल्लं आहेत, आज नाही." मी म्हणालो, उद्या. ती म्हणाली, "उद्या पुण्याच्या दोन बस येतायत, ती माणसं फार शिकलेली असतात, ऐकत नाहीत." मी तिला सांगितले की पत्रिकेतील मजकूर अतिशयोक्ती अलंकारात होता, तो शब्दशः घेण्याचा नसतो. ती समुद्राकडे पाहून म्हणाली, "डॉल्फिनचं सोडलं तर बाकी बरोबर लिहिलंयस." छत्तीस वर्षांच्या लेखनात तिने मला दिलेला हा एकमेव अनुकूल अभिप्राय आहे व तो मी अशा परिस्थितीत ऐकला.

मग मी देवाकडे दाद मागितली. पाकळ्या मी स्वतः तपासल्या. दोन्ही सारख्या मापाच्या होत्या. पाणी माझ्यादेखत लावले गेले. श्री. तारी यांनी हात जोडून गाऱ्हाणे घातले, ते मला आठवते तसे लिहवून देतो : "बा देवा म्हाराजा, ह्या ठाण्यासून इलेल्या भावाक आपली भयण घराक व्हयी आसा. घरात तो एकलोच आसा. तो तिका घेवन गेलो तर तेचा बरा होतला, तर उजवी दी म्हाराजा." भोवतीचे लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले. माझ्या घरात कोण आहे व कोण नाही, हे त्यांना कोणी सांगितले, याची चौकशी व्हावी.

उजवी पाकळी पडली.

मी तत्काळ निदर्शनास आणले की, हाच देव हिला राहा म्हणून उजवी देतो आणि मला घेऊन जा म्हणूनही उजवी देतो, तेव्हा एकतर देव अविश्वसनीय आहे किंवा गुरव. त्यावर श्री. तारी शांतपणे म्हणाले, "सायबानू, देवान दोघांकय होय म्हटल्यान. म्हंजे तेच्या हातात काय ठेवक नाय. आता बायन ठरवूचा." सर्वांनी सुहासिनीकडे पाहिले. ती टोपीचा काठ दोन बोटांनी फिरवत होती. ती म्हणाली, "मी ठरवलेलंच होतं. देवाला विचारलं ते तू विचारशील म्हणून."

मी एकटा परतलो. मला होडीतून किल्ला दाखवण्याची श्री. तारी यांनी तयारी दर्शवली होती. मी नकार दिला. बसपर्यंत पोहोचवायला सुहासिनी आली होती. तिने मला शिदोरी दिली. शिदोरीचे वर्णन तपासास आवश्यक नाही.

आज मी बेपत्ता व्यक्तीची नोंद करण्यास आलो असता हवालदार मॅडम म्हणाल्या, "काका, ताई कुठे आहेत ते तुम्हाला माहिती आहे. काय खातात, कधी उठतात, तेही माहिती आहे. मिसिंग कशी लिहू मी?" मी म्हणालो, घरात नाही म्हणजे बेपत्ताच. त्या म्हणाल्या, "मग माझा नवरापण बेपत्ता आहे, शनिवार-रविवार." तथापि खात्रीकरिता त्यांनी पोलीस ठाण्याच्या दूरध्वनीवरून सुहासिनीस फोन लावला व आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. माझा फोन ती उचलत नाही असे नाही. मी केलेला नव्हता.

मॅडम : "सुहासिनी बेहेरे बोलताय? ठाण्यातून पोलीस बोलतेय. तुमचे भाऊ इथे आलेत, तुम्ही हरवलात म्हणून."

सुहासिनी : "बाई, मी हरवलेली नाही. त्याने काय काय लिहून दिलंय?"

मॅडम : "बरंच दिलंय. सुरुवातीलाच अर्धं पान पदव्या आहेत."

सुहासिनी : "त्या काढून टाका."

मॅडमनी विचारले की आपणांस कोणी दबाव टाकून, आमिष दाखवून अथवा धाकाने ठेवले आहे काय. सुहासिनी म्हणाली, नाही. हंगाम संपल्यावर परत येणार काय, असेही विचारले. पाठीमागे लाटांचा अथवा गर्दीचा आवाज येत होता, दोन्हींत मला भेद करता आला नाही. ती म्हणाली, "ते अजून सांगता येत नाही. पुढच्या वर्षीचंही विचारतायत." श्री. तारी यांच्यासंबंधी विचारणा करावी अशी खूण मी मॅडमना केली. त्यांनी ती पाहिली नाही असे दर्शवले.

त्यानंतर सुहासिनी म्हणाली, "हरी आहे का तिथे? हरी, जेवलास का?"

सदर प्रश्नाचा तपासाशी संबंध नसल्याने मी उत्तर दिले नाही. मग कोणीतरी तिला "बाय, गर्दी झाली" अशी हाक मारली व फोन बंद झाला. मॅडमनी माझ्यापुढे त्यांच्या डब्यातील पोळी-भाजी ठेवली. मी ती घेतल्याने या जबाबावर कोणताही परिणाम झालेला नाही, हे मी स्वेच्छेने नमूद करतो.

माझी श्री. विठ्ठल तारी यांच्याविरुद्ध तक्रार आहे किंवा कसे, असे मला तीनदा विचारण्यात आले. माझी तक्रार आहे. कशाबद्दल आहे, ते कलम मॅडम शोधून सांगणार आहेत. सुहासिनीविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. पदव्या काढू नयेत.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. वाचन सपाट झाले, समासांवर विराम चुकले, तथापि मजकूर मी सांगितल्याबरहुकूम आहे व तो खरा आहे. सही केली.

सही केल्यानंतर जबाब देणार यांनी पुढील मजकूर घेण्याची विनंती केली : घरचा गॅस संपला आहे. सिलिंडर आमच्या दारापर्यंत तीन मजले चढून आला होता, परंतु पोचवणाऱ्यास जो अंक सांगावा लागतो तो सुहासिनीच्या मोबाइलवर येतो, म्हणून तो सिलिंडर परत घेऊन गेला. फोन चालू असताना हे विचारायचे राहून गेले. नोंदीतला क्रमांक बदलण्यास तिने स्वतः एजन्सीत हजर राहावे लागते असे एजन्सी म्हणते. या बाबतीत पोलीस काही करू शकतील काय, हे कळावे.