आमाला कोण फसिवतंय?

...आता हसू नगासा! हसायचं न्हाय हाय ह्ये! दिवाळीत मिक्सर आणला आन संक्रांतीला त्यातनं धूर! मशीन हाय का चूल हाय, कळंना! तुमाला सांगतो, मी बनाबाई, मंगळवार पेठेत घरचं डबं देतो... आमच्या कोल्हापुरात बायकाबी 'देतो'च म्हणत्यात, तिकडं ध्यान देऊ नगा... तर डब्याचं सगळं वाटणावर हाय की वो! वाटण भरडं ऱ्हायलं की रस्सा पाणचट, आन रस्सा पाणचट झाला की गिऱ्हाईक पळालं दुसऱ्या गल्लीत!

मिक्सर काखंत मारून गेलो दुकानात. दुकानदार इजयसिंग, जिभंवर साखर! "या वैनी, चा घेणार?" चा नगं बाबा, मिक्सर दे बदलून! "देतो की! ग्यारंटी हाय की! पर ग्यारंटी भांड्याची, मोटारीची न्हाय. बघा की, मोटार जळली तरी भांडं कसं लखलखतंय! आन वैनी, तुमचं वाटण लै जालीम, मशीननं सोसायचं तरी किती?" आरं, मग कोल्हापुरात मिक्सर काय पेढं वाटायला इकतोस व्हय रं?

आलो माघारी. आन सांगायचं कुणाला? पेठेत मानूस पाय मोडला तर सांगंल, पर फसलो म्हणून मेला तरी सांगणार न्हाय. आमाला कोण फसिवतंय? मुकाट पाटा-वरवंटा काढला. खांदं निखळायची पाळी आली, डबं निम्म्यावर आलं. शेजारची नजीराभाभी इचारती, "बनाबाई, पाटा कशाला वो काढला?" मी म्हटलो, "चव येती गं पाट्यावर!" चव म्हणं! खांदं माझं आन चव लोकांची!

तेवढ्यात पुण्याची मॅडम आली, क्रांती नावाची. पोरगी लै गुणाची, पर बोलायला लागली की सरकारी बोर्ड वाचल्यावाणी! "आम्हाला संशोधनासाठी निधी मिळाला आहे. वंचित समाजघटकांतील ग्राहकहानीचा अभ्यास करायचा आहे." मी नजीराभाभीला हळूच म्हटलो, ही हानी कोण गं? कुणाची पोरगी? मॅडमनं ऐकलं. "तसं नाही काकू. गरीब वस्तीत खरेदी करताना लोकांची फसवणूक कशी होते, ते शोधायचंय. सापडली, तर ह्याच निधीतून इथं तक्रार केंद्र उघडू. नाही सापडली, तर निधी परत."

तक्रार केंद्र! माझा मिक्सर डोळ्याम्होरं फिराय लागला! पर बाईनं इचारावं कुठं? तालमीच्या कट्ट्यावर, सगळी पेठ गोळा करून! "तुमची कधी फसवणूक झाली आहे का?"

कोण हात वर करतंय! गणपतआबा, ज्यांच्या गुडघ्याला जादूच्या तेलानं फोड आल्यात, त्येच पैलं वरडलं, "ओ मॅडम, कोल्हापूर हाय ह्ये! आमाला कोण फसिवतंय?" नजीराभाभीच्या शिलाई मशीनची मोटार इजयसिंगाकडनंच आणलेली, ती बंद पडून गंजली, तरी म्हणती, "आमाला? हॅट!" आन मी? मीबी मान हलिवली की वो!

मॅडमचं तोंड उतरलं. "म्हणजे... इथं काही अडचणच नाही?" कागदं गोळा कराय लागली. निधी निघाला माघारी! मग माझ्या खांद्यातनं जी काय कळ उठली, तिनंच मला उभी केली. पदर खवला आन वरडलो, "फसलो! मी फसलो! बनाबाई फसली! करा काय करायचं त्ये!"

आबा माझ्याकडं असं बघत्यात, जणू पेठेची अब्रू मीच मोडीत घातली. म्हटलो, "आबा, धोतार वर घ्या आन गुडघं दावा मॅडमला!" नजीराभाभी ताडदिशी उठली, "माझी मोटारबी लिवा!" आन काय सांगू, बांधच फुटला! कुणाचा पंखा, कुणाचा फोन... त्यातबी चढाओढ! "तुझं कसलं फसणं, माझं ऐक!" कोल्हापूर हाय, मागं कोण ऱ्हातंय! मी दुकानाचं नाव सांगाय लागलो, तर मॅडम म्हणती, "नको काकू, संशोधनात नावं गुप्त ठेवतात."

केंद्र झालं! उद्घाटनाला मला हार घातला आन निधीतनं भेट दिली, नवा कोरा मिक्सर! खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. घरी येऊन खोकं फोडलं... त्योच मिक्सर! खोक्यावर चिठ्ठी इजयसिंगाच्या दुकानाची!

पळत गेलो माघारी. "मॅडम, आवो ह्याची मोटार जळती! ग्यारंटी निस्ती भांड्याची!" मॅडम हसली. माझ्या त्याच दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. "काकू, काळजी नको. किती सज्जन माणूस तो दुकानदार! चहा पाजला, सगळं नीट समजावलं. आणि आमचं संशोधनच ह्यावर आहे हो... आम्हाला कोण फसवतंय?"

...जातो आता. पाटा धुवायचाय.