काचेच्या अस्तराची प्लेट

— नाही नाही, बसा हो प्रशीलभाऊ, तुमची प्लेट वाईट आहे असं कुठे म्हटलं मी? चांगलीच आहे. बाहेरून प्लास्टिकची चौकट, आत एकेका खळग्याला काचेचं अस्तर — अगदी अप्पेपात्र वाटतं. पण मला नको. नेहमीची साधी प्लास्टिकचीच द्या. का म्हणजे? काच धुवावी लागते, प्लास्टिक वापरलं की टाकलं. आणि धुणार कोण? एकटी पुष्पाबाई आहे, तिच्या हाती कपबशी टिकत नाही. घ्या ना, चहा निवतोय. बिस्किटं घ्या. केळी राहू द्या, कच्ची आहेत ती.

हो, ते माहितीये मला. तुम्ही पुण्याहून जळगावला येऊन मला हे शिकवायचं म्हणजे — रागावू नका, पण नऊ वर्षं मी हेच करतेय. केळं वाटायचं, त्यातला फवारणीच्या औषधाचा अंश द्रावणात उतरवायचा, ते द्रावण या खळग्यांत ठेवायचं, आणि रात्रभरानं मशीनला द्यायचं. आता प्लास्टिकच्या डब्यात आमटी ठेवली की डबा पिवळा होतो, होतो ना? घासून घासूनही जात नाही. म्हणून तर आपल्याकडे लोणचं बरणीत. तसंच काही औषधं प्लास्टिकला धरून बसतात. मशीन बिचारं काय करणार, खळग्यात जेवढं उरलं तेवढंच सांगणार. आणि ज्याच्याशी ताडून बघायचं ते द्रावण आमच्याकडे थेट काचेच्या बाटलीतून जातं, म्हणजे ते पूर्ण. कमी भरतं ते फक्त केळ्याचं. — कळतं हो मला. न कळणारी असते तर बरं झालं असतं.

मागच्या खेपेला नमुना म्हणून एक ठेवून गेला होतात, ती? ती तशीच आहे कपाटात. हात लावला नाही. म्हणजे — एकदा लावला. सहज, बघावं म्हणून. एकच केळं, तेच द्रावण, अर्धं प्लास्टिकमध्ये अर्धं तुमच्या काचेत. सकाळी बघते तर प्लास्टिकवालं मर्यादेच्या आत, पास. काचेतलं मर्यादेच्या बाहेर. मला वाटलं माझंच काही चुकलं. परत केलं. परत तेच. मग तिसऱ्यांदा केलंच नाही. कशाला करायचं? पुष्पाबाई विचारायला लागली, मॅडम, उपास आहे का, डबा उघडला नाही आज.

कोणाचं केळं म्हणून काय विचारता — असतं कोणाचं तरी. सुपडूआबांचं. रावेरला बाग आहे त्यांची, मूळचे शिंदखेड्याकडचे, बोलणं अजून तिकडचंच. माणूस लाखात एक. घडांना पिशव्या घातल्या, मग कोणीतरी सांगितलं कीड दिसतेय, तर आबांनी पिशवीच्या आत नळी घालून फवारलं. काढणी तोंडावर. पिशवीच्या आत ऊन नाही, वारा नाही, औषध जाईल कुठे? वाईट बुद्धी नव्हती हो, घडावर डाग पडू नये एवढंच. परवा इथे येऊन बसले होते, तुम्ही बसलात तिथेच. म्हणाले, "बेटी, बठ्ठं तुना हातमा शे." सगळं म्हणे माझ्या हातात. आणि आबांचा माल जिथे भरतात त्या पॅकिंगवर माझा भाऊ आहे, हसनैन. त्याची बायको तिथेच, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया तिथेच. रिपोर्ट नापास झाला तर निर्यातीचा कंटेनर जाणार नाही. मग बाकीच्या बागांचे नमुने पण काचेत घालून बघा म्हणतील. मग?

अमृतभाऊंना? सांगितलं ना. मालकाला सांगणार नाही तर कोणाला. दोन्ही आकडे पुढे ठेवले. चिडतील वाटलं होतं. चिडले नाहीत. अब्बा दवाखान्यात होते तेव्हा मध्यरात्री रक्ताच्या पिशव्या घेऊन हाच माणूस पळत आला होता, तो माझ्यावर कसा चिडेल? म्हणाले, "निलोफर, प्लेट कुठली घ्यायची ते तू ठरव. लॅब तुझी आहे." एवढं म्हणून मोकळे झाले. नको म्हणाले असते तर मी भांडले असते, नाहीतर घरी जाऊन रडले असते, पण त्यांनी नको म्हटलं असं तरी सांगता आलं असतं मला. आता कोणाचं नाव घेऊ? सही माझी, निवड माझी. रोज या खोलीत येते, एसी चालू, सगळं चकाचक — आणि कोंडल्यासारखं होतं मला, भाऊ. सोडून जाऊ कुठे? गेले तरी माझ्या जागी जो येईल तो प्लास्टिकच मागवील. आणि त्या बायका माझ्या घरावरूनच पाणी भरायला जातील.

आणि हसनैन दर शुक्रवारी केळ्यांची फणी घेऊन येतो घरी, मापात न बसलेली. माझी तहरीम सहा वर्षांची, तिला केळं म्हणजे जीव. मी म्हणते खोकला होईल. भर मे महिन्यात. अम्मी हसते, म्हणते जळगावच्या पोरीला केळ्याने खोकला, कोणी ऐकलंय का —

थांबा, फोन आहे. — हां, हसनैन. हां. भरून झाला? ... हो रे, देते. ... म्हटलं ना, पाठवते. आबांना सांग, जेवून घ्या म्हणावं. ... हां, पासच आहे. ठेव.

तर प्लास्टिक. लिहा. दर वेळेला पाठवता तेवढ्याच. आणि ही काचेची उचला इथून, कपाटातली पण देते, डोळ्यासमोर नको. मघाशी काय काय बोलले ते मनावर घेऊ नका, उन्हाने डोकं फिरतं माणसाचं. रिपोर्ट व्यवस्थित आहे. माल एक नंबर आहे आबांचा. चला, निघा, चुकेल तुमची गाडी —

अहो, ते नका घेऊ. भाऊ. ती केळी अमृतभाऊंसाठी आलीत, आबांकडून. बिस्किटाचा पुडा न्या ना वाटेत खायला. — पिवळी आहेत, दिसतंय मला. कच्ची नाहीत. — सोलू नका म्हणते ना!

...

ठेवा. तिथेच ठेवा. जाताना दार ओढून घ्या.