चवथीची रजा आणि दोन सरकारं

एक सांगतो, पण यात कोण बरोबर ते मला विचारू नका. मला अजून कळलेलं नाही.

गोव्यात डिचोलीच्या कारखान्यात मी सुपरवायझर. गणेश चवथीला माझ्या खात्यातून एकालाच रजा मिळणार होती आणि मागणारे दोघे, इथलाच पेडण्याचा गुरुदास आणि कोल्हापूरचा संभा. कोणीच मागे हटेना. शेवटी जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच ठरवलं, ज्याच्या राज्याचं सरकार जास्त चांगलं चाललंय त्याला रजा. मी कॉलेजात अर्थशास्त्र घेतलेलं, म्हणून निकाल माझ्यावर.

गुरुदास म्हणाला, "विमानतळ आमच्या सरकारान बांदलो."

"आणि खाणी बंद पडल्या त्या?" मी विचारलं.

"ता दिल्लीक विचार."

मग संभा म्हणाला, "साखर कारखानं आमच्या सरकारनं उभं केलं."

"मग साखर परदेशात का जात नाही?"

"ते दिल्लीच्या हातात हाय."

चांगलं झालं ते राज्यानं केलं, बिघडलं ते दिल्लीनं. दोघांचं उत्तर एकच, मग मी तुलना करू कशाची? तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. मोठी ऑर्डर आहे, चवथीला कोणालाच रजा नाही.

मी दोघांना सांगितलं, "माझ्या हातात काही नाही रे. वरून आलंय."

"मग तू सुपरवायझर कित्याक?" गुरुदासनं विचारलं, आणि "व्हय, कशाला?" म्हणत संभानंही मान डोलावली.

एवढ्या वादात हा प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारला, आणि तोही मला.