मधला ठोका

एब्बा: ...सकाळपासून लावलंच नाही ते यंत्र. दिवसातून दोनदा बाळाचे ठोके ऐकायला सांगितलंय. धीरच होत नाही, बाबा.

हेल्गे: योआर असता तर—

एब्बा: नवरा तिकडे उत्तरेत जहाजावर बर्फ फोडतोय. म्हणून तर तुला बोलावलं.

हेल्गे: आधी चार घास खा. कडक भाकरी आणलीय, वर चीज.

एब्बा: पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही ती.

हेल्गे: नाताळात तू ती पाण्यात बुडवलीस. मी म्हणालो, बघा, पोरगी माझ्याआधी म्हातारी झाली.

एब्बा: सगळे हसले होते.

हेल्गे: मला वाटायचं, सौनाच्या वाफेत फार बसतेस, म्हणून डोळे-तोंड कोरडं पडतं.

एब्बा: मलाही तेच वाटायचं. चार वर्षं.

हेल्गे: एकदा नीट सांग. फोनवर मी नुसतं हो हो केलं.

एब्बा: श्योग्रेनचा आजार. रक्तातले राखणदारच घरावर उलटलेत. अश्रूंच्या, लाळेच्या ग्रंथी आधी वाळवल्या.

हेल्गे: श्योग्रेन म्हणजे आपल्यातलाच कोणी.

एब्बा: हो, हा आजार शोधणारा आपल्याकडचाच डॉक्टर होता.

हेल्गे: बरं. पण तोंड कोरडं, तर यंत्र पोटावर कशाला?

एब्बा: कारण ते राखणदार वारेतून बाळाकडे जातात. शंभरातल्या एक-दोघींच्या बाळाचं हृदय धरतात. ठोके मंदावतात. मिनिटाला एकशे दहाच्या खाली गेले, की लगेच दवाखान्यात फोन.

हेल्गे: शंभरात दोन.

एब्बा: 'दोनच' म्हणू नकोस.

हेल्गे: नाही म्हणत. आण ते इकडे. आकडा दिसतो ना यावर?

एब्बा: बाळ हललं की आकडा उड्या मारतो. सुईणबाई म्हणाल्या, कानाने मोजा. पन्नास वर्षं नाचाला फिडल वाजवतोयस. तू मोज.

(खरखर. मग भरभर पडणारे ठोके.)

हेल्गे: सापडलं. घड्याळ तू बघ.

एब्बा: हं... झालं अर्धं मिनिट. किती?

हेल्गे: परत मोजतो.

एब्बा: किती, बाबा.

हेल्गे: सेहेचाळीस.

एब्बा: म्हणजे ब्याण्णव.

हेल्गे: चुकलो असेन.

एब्बा: तालात तू कधी चुकलायस? फोन कुठाय. माझा फोन—

हेल्गे: हातातच आहे तुझ्या, पोरी.

एब्बा: तूच लाव. नाही, थांब. कशानं मोजलंस?

हेल्गे: पायानं. आणखी कशानं?

एब्बा: पोल्स्का नाचाला वाजवताना पाय कसा मारतोस? तीन मात्रांत?

हेल्गे: पहिलीला आणि तिसरीला. मधली सोडायची, ती नाचणाऱ्यांची... अरे देवा. मधले ठोके मोजलेच नाहीत.

एब्बा: पाय धरून बस. दोघांनी मोजायचं. मोठ्यानं.

हेल्गे: एक, दोन, तीन—

एब्बा: चार, पाच, सहा, सा—

हेल्गे: श्वास घे. मी मोजतोय. दहा, अकरा...

एब्बा: ...सदुसष्ट, अडुसष्ट—

हेल्गे: एकोणसत्तर.

एब्बा: वेळ झाली.

हेल्गे: एकशे अडतीस.

एब्बा: एकशे अडतीस.

हेल्गे: रडतेस?

एब्बा: रडतेय. नुसतं चुरचुरतं, येत काही नाही. ती थेंबांची बाटली दे.

हेल्गे: मान मागे कर. असं अजून किती आठवडे?

एब्बा: सहा.

हेल्गे: येईन रोज. पाय घरी ठेवून. यंत्र बंद करू?

एब्बा: नको. राहू दे थोडा वेळ.