खोबरेल लावलेली रायफल

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही हसायला मोकळे. मी रायफलीला खोबरेल तेल लावलं होतं. हो, डोक्याला लावतो तेच. इतकी वर्षं या देशात काढली, रोज सकाळी तीच बाटली वितळायला हायत्सुंगवर, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या त्या भिंतीतल्या हीटरवर ठेवली, आणि तेच तेल मी रायफलीच्या पोटात घातलं आणि डिसेंबरच्या थंडीत जंगलात जाऊन बसले. काय सांगू तुम्हाला, तेव्हा मी तरुण होते. साठीची.

माहेर आमचं भुसावळकडचं. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसं तपासायला होते, घरी आले की त्यांच्या शर्टाला पितळेचा वास यायचा, आणि आम्हा मुलींना वाटायचं सगळ्यांच्याच वडिलांना असा वास येतो. आई कपडे शिवायची. शिवणयंत्राला खोबरेल, दाराच्या बिजागरीला खोबरेल, भाजलं खोबरेल, खरचटलं खोबरेल, आमच्या घरात जे करकरतं त्याला खोबरेल आणि जे रडतं त्यालाही खोबरेल. भुसावळच्या उन्हात ते गोठायचं कुठलं, पाण्यासारखं वाहायचं. ते मनात असं पक्कं बसलं की इथली बर्फाची हवासुद्धा त्याला हलवू शकली नाही.

मग लग्न झालं आणि हे मला इकडे घेऊन आले, वोल्फ्सबुर्गला मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून. आम्ही घर घेतलं बाहेरच्या एका खेड्यात. गाडीशिवाय ब्रेडसुद्धा आणता येत नाही असं खेडं. मुलगा घरात होता तोवर ठीक होतं, मग तो रेगेन्सबुर्गला गेला, हे रिटायर होऊन सोफ्यावर गेले, आणि मी राहिले. घर इतकं शांत की फ्रीज घुरघुरला तरी मी आले आले म्हणून उठायची. माझ्या पायाला भिंगरी, लहानपणापासूनच. गाण्याच्या क्लबात गेले, तिथे जर्मन कोरसमध्ये माझा एकटीचा आवाज पुढे पळायचा. त्या दोन काठ्या घेऊन चालतात ना, ते केलं. मडकी केली. चार महिने एक गोष्ट टिकली तर हे कॅलेंडरवर बघायचे आणि म्हणायचे, अहो बाई, बरं आहे ना तुम्हाला?

कुंपणापलीकडे हानेलोरे राहायची. सत्तरीची, नवरा गेलेला, आणि शिकारी. तिच्याकडे रेविअर होता, म्हणजे जंगलाचा आणि शेतांचा एक तुकडा तिने शिकारीसाठी भाड्याने घेतलेला, तिथे कोण बंदूक घेऊन जाणार ते ती ठरवणार, आणि रानडुकरांनी शेतकऱ्याचा मका उकरला तर बोलणीही तीच खाणार. एकदा मला म्हणाली, तू नुसती कुंपणापाशी फिरत असतेस, चल माझ्याबरोबर. नेलं तिने मला, लाकडी मचाणावर, शिडी चढून. खाली धुकं, आणि धुक्यातून एक हरणी बाहेर आली आणि आमच्याकडे न बघता चरायला लागली. मी हलले तर हे सगळं पुसलं जाईल असं वाटलं मला. म्हणून हलले नाही. तासभर! घरी येऊन यांना सांगितलं तर यांचा विश्वास बसेना.

तेव्हापासून मला ते मचाण हवं होतं. बाकी काही नको, ते मचाण. त्यासाठी शिकारीच्या परवान्याची परीक्षा दिली, पोरांच्या शेजारी बसून पक्ष्यांची नावं, डुकरांचे दात, कायदे, सगळं जर्मनमध्ये पाठ केलं आणि पास झाले. नात फोनवर ओरडली, ओमा, क्रास! म्हणजे आजी, भन्नाट! तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र जर्मनच. आणि हे? रोज संध्याकाळी आम्ही बुद्धवंदना घेतो ना, त्यात पहिलं शील आलं, प्राण्याची हत्या करणार नाही ते, की यांचा आवाज एकदम चढायचा आणि डोळे माझ्याकडे. मी म्हटलं, अहो, रविवारचं मटण काय झाडाला लागतं? म्हणाले, मी काही म्हटलं का? नव्हतं म्हटलं. पण मला झोंबलं. अजून झोंबतं.

त्या उन्हाळ्यात हानेलोरेचे गुडघे गेले. शिडी चढवेना. तिने मला बोलावून सरळ सांगितलं, आल्झो मंगल, मला रेविअरमध्ये माणूस लागणार. एक तू आहेस, एक ब्राउनश्वाइगचा दाताचा डॉक्टर आहे, तो फार मागे लागलाय. ख्रिसमसपर्यंत माझ्यादेखत एक डुक्कर नीट पाड, एका गोळीत, त्याचे हाल न करता. मग जागा तुझी. नाहीतर डॉक्टरची. मी म्हटलं, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, काही हरकत नाही. जणू रोज सकाळी चहाआधी एक पाडते.

आता रायफल घ्यायची आली. त्या वेळच्या मंगलला तुम्ही बघायला हवं होतं. दुकानात शिरली ती थेट काचेच्या कपाटाकडे, अक्रोडाचा दस्ता, त्यावर पानंफुलं कोरलेली, हरणं पळतायत, आणि मी दागिन्यांच्या दुकानात उभी असल्यासारखी, ही दाखवा, ती दाखवा. दुकानदारही तसाच, त्याने ती अलगद माझ्या हातात दिली. हानेलोरे मागे खुर्चीवर बसलेली. म्हणाली, हिला माझी जुनी रायफल चालवून बघू दे आधी. तिची तशीच होती, सोबत आणलेली, सुंदर, जड, मोठ्या काडतुसाची. दुकानाला लागूनच शूटिंगचा हॉल होता. एक गोळी झाडली आणि खांद्याला बैलाने ढुशी दिल्यासारखं झालं, दुसऱ्या गोळीला माझे डोळे आधीच मिटले, तिसरी कुठे गेली ते त्या हॉललाच ठाऊक. हानेलोरे म्हणाली, डोळे मिटणाऱ्या बाईच्या हातून डुक्कर मरत नाही, नुसतं जखमी होतं. आणि ते रात्रभर कुठेतरी पडून राहतं. लाकडावर पैसे घालू नकोस, दुर्बिणीवर घाल.

मग त्या माणसाने नाइलाजाने खालच्या खणातून एक काढली. बोल्टचीच, पण स्वस्तातली, काळा प्लॅस्टिकचा दस्ता, दिसायला रंगपंचमीची मोठी पिचकारी. मला इतकी लाज वाटली! दाताचा डॉक्टर काय म्हणेल? हे बघा, डुक्कर काय म्हणेल हा विचार आला नाही, डॉक्टर काय म्हणेल हा आला. पण हातात घेतली तर हलकी. बोल्ट म्हणजे आपल्या दाराच्या कडीसारखाच, वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा, झालं काडतूस आत. आणि ती कडी अशी सरकली, लोण्यातून सुरी. चाप हलका, आधी खडखड नाही, मध्ये अडकणं नाही. दस्ता मला लांब होत होता, मी ही एवढीशी, तर त्याने मागच्या दोन चकत्या काढून टाकल्या, ब्लाउज आत घ्यावा तशी रायफल आत घेतली. मग हॉलमध्ये वाळूच्या पिशवीवर टेकवून शंभर मीटरवर तीन गोळ्या. डोळे उघडे राहिले. कागद सरकत सरकत जवळ आला आणि काय सांगू तुम्हाला, तिन्ही भोकं माझ्या कपाळावरच्या टिकलीखाली झाकली जातील एवढ्या जागेत. मी कपाळावरची काढून खरंच लावून बघितली. दुकानदाराने तो कागद दोनदा उलटापालटा केला. हानेलोरे म्हणाली, हीच. उरलेल्या पैशांची चांगली दुर्बीण आणि भरपूर काडतुसं, सराव कर.

केला सराव, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, त्याच उबदार हॉलमध्ये. चुकेच ना मी! मग काय, अंगात आलं. क्लबातले म्हातारे माझे कागद बघायला जमायचे, मी आपली हवेत. आणि शिकारीच्या आदल्या दिवशी वाटलं, बाई, उद्या परीक्षा, हिला नीट तेलपाणी करू. बंदुकीचं तेल होतं घरात, पण त्याला तो रॉकेलचा वास, यांना ठसका लागायचा. हानेलोरेने हजारदा सांगितलं होतं की थंडीत बोल्ट जवळजवळ कोरडा पुसायचा. मी हो हो म्हटलं होतं. मग हायत्सुंगवरची बाटली घेतली, आणि आईच्या हाताने, सढळ, बोल्टच्या आत, बाहेर, स्प्रिंगपर्यंत. कडी अशी मऊ झाली की खुश झाले मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. हानेलोरे दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी चढली, माझ्यासाठी, आणि फळीवर बसून पाच मिनिटं नुसती श्वास घेत होती. झोंबणारी थंडी. जमिनीवर पातळ बर्फ, त्यामुळे उजेड जरा जास्त टिकलेला. मी बसलेय खरी, पण आत सगळं चुळबुळतंय. आज नाही आलं तर? ख्रिसमस आठवड्यावर. तो डॉक्टर त्याच्या मोठ्या गाडीतून इथे येणार, माझ्या धुक्यात. पाय हलतोय, हानेलोरे माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवतेय, मी दुसरा हलवतेय.

आणि आलं. झुडपातून एकटं, काळं, मोठं, कडेला उभं, आडवं, जसं पुस्तकात दाखवतात तसं. माझी रायफल खांद्याला लागलीसुद्धा. हानेलोरे कानात म्हणाली, थांब. मी ऐकलं, पण थांबले नाही. थांबायचं कशाला, दिसतंय की समोर! दुर्बिणीत त्याचा खांदा आला, मी श्वास सोडला आणि चाप ओढला.

टुक.

एवढंच. कुणी नखाने टेबलावर वाजवावं तसं. मी बोल्ट ओढायला गेले तर हानेलोरेचा हात माझ्या हातावर, घट्ट. हलू नको, नळी तिकडेच ठेव, उघडू नको, कधी कधी गोळी उशिरा सुटते. म्हणून तशाच बसलो, नळी समोरच्या रिकाम्या मातीच्या उतारावर, डुक्कर जरा पुढे सरकलेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. गेलं मचाण, गेलं सगळं. आणि तेवढ्यात त्याच झुडपातून एक पिल्लू गडगडत बाहेर आलं. मग आणखी. पट्टेवाली, तळहाताएवढ्या तोंडांची, बर्फात घसरणारी, एकमेकांवर पडणारी. ती आई होती. पिल्लांची आई मारणं इथे गुन्हा, माझा परवाना गेला असता, हानेलोरेचं नाव गेलं असतं, आणि ती पिल्लं त्या थंडीत कितीशी टिकली असती? थांब म्हणाली होती ती. थांबून, आधी बघून, मग. परीक्षेत लिहिलं होतं मी हे, पूर्ण मार्क मिळाले होते.

ती सगळी निघून गेल्यावर हानेलोरेने बोल्ट उघडला, काडतूस काढून हातमोज्यात घेतलं. त्याच्या बुडावर कुणी टिचकी मारल्यासारखा बारीकसा डाग, आतली सुई जोरात बसलीच नव्हती. मग तिने बोल्टमध्ये नख घातलं, पांढरं, गोठलेलं, मेणासारखं काहीतरी निघालं, नाकाशी नेलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, मंगल, ह्याला नारळाच्या बिस्किटांचा वास येतोय. ख्रिसमसला करतात ती. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

खाली उतरताना ती हसायला लागली, आणि शिडीवर हसू नये, गुडघे दुखतात, म्हणून स्वतःलाच शिव्या देत होती.

आता मी सत्तरीच्या पुढे आहे. रायफल तीच आहे, काळी, पिचकारीसारखी, अजून टिकलीत भोकं पाडते. डुकरं पाडली मी नंतर, नाही असं नाही. किती ते सांगत नाही. इथे मेलेल्या जनावराच्या तोंडात झाडाची एक डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून, टोपी काढून गप्प उभं राहतात. मी ठेवते, आणि बराच वेळ उभी राहते. संध्याकाळी वंदनेला पहिलं शील आलं की माझा आवाज घशात अडतो. हे आता मोठ्याने म्हणत नाहीत. अडू दे, मी म्हणते, ज्या दिवशी अडणार नाही त्या दिवसापासून ती रायफल कपाटातून काढायचीच नाही. हानेलोरेला शिडी मुळीच चढवत नाही, ती खाली गाडीत थर्मास घेऊन बसते आणि मी वर. पाय अजून हलतो, खोटं कशाला बोलू. पण मी आता त्याच्याकडे बघते आणि तो थांबतो. तुम्हालाही कुठेतरी असं स्वस्थ बसायला मिळो, एवढंच म्हणते.

त्या दिवशी मात्र गाडीत हीटर लावून आम्ही दोघी काचेवरचं धुकं जायची वाट बघत होतो, आणि मी विचारलं, मग डॉक्टरला फोन कधी करणार? तर तिने ते काडतूस खिशात टाकलं आणि म्हणाली, अगदी हेच शब्द: मंगल, आज तू काही मारलं नाहीस, म्हणून उद्याही येऊ शकतेस, पण वसंत येईपर्यंत काडतुसं माझ्या खिशात राहतील, आणि तुझं बूड फळीवर.