एक समाधानी पालक

नाही, पण 'उत्कृष्ट' म्हणजे नेमकं किती हो? म्हणजे जिन्यात कुंड्या ठेवल्या की उत्कृष्ट, का सगळ्या भिंतींना एकाच दिवशी रंग दिला की उत्कृष्ट, का सात वर्षांच्या मुलीला 'गवत' हा काना ना मात्रा असा साधा शब्द वाचता आला नाही तरी उत्कृष्टच? तसं शाळेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सरकारी शिक्क्याचा चौदा पानी अहवाल आलाय, त्यात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय, आणि आता घरात मी तोंड उघडलं की नवरा नुसतं त्या कागदाकडे बोट दाखवतो. बोलत पण नाही! बोट!

थांबा, नीट सांगते.

आमची मुलगी खासगी शाळेत दुसरीत आहे. घरात तिला खारू म्हणतो, कारण खाऊ गालात साठवते. शाळा चांगली आहे. स्वच्छ आहे. मुख्याध्यापिकाबाई इतक्या हळू बोलतात की त्यांच्यासमोर आपल्यालाच आपण भांडखोर वाटायला लागतो. "आम्ही मुलाला घडवत नाही हं, मूल स्वतः घडतं." आता यावर काय बोलणार? आपण मान डोलावतो. फक्त या वर्षी वर्गशिक्षिका तीनदा बदलल्या आणि तिसऱ्या ज्या आल्यात त्या खारूला अजून 'खिडकीजवळची' म्हणतात, पण ते असू दे.

तर एक दिवस संध्याकाळी मी भाजी चिरतेय आणि खारू धडा वाचतेय. खडाखडा! न अडखळता! मला असं भरून आलं म्हणता... आणि मग सहज मान वर केली तर पुस्तक उघडलंय बाराव्या पानावर आणि वाचन चाललंय तेराव्यावरचं. डोळे कुठे? छताला. आणि मधेच ती थांबली, "ख्खं ख्खं" खोकली, आणि पुढे चालू!

"काय गं, घसा दुखतोय?"

"नाही. इथे मॅडम खोकतात."

तुम्हाला सांगते, माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. पोरीनं अख्खा धडा पाठ केला होता, खोकल्यासकट! मी लगेच कागदावर 'गवत' लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागद उलटून मागे पाहिलं आणि म्हणाली, "आई, याचं चित्र कुठंय?"

नवऱ्याला सांगितलं, तर म्हणे, "येईल गं. मी चौथीपर्यंत सगळं उलटं लिहायचो." सासूबाई म्हणाल्या, "पाठांतर छान आहे की! हल्ली कुणाची मुलं पाठ करतात?" आणि मी... मी दोन पदव्या घेतलेली बाई, मला पहिल्यांदा काय सुचावं? की पोटुशी असताना मी फार मालिका बघितल्या, त्याचंच हे! शाळेबद्दल तसं माझं काही म्हणणं नव्हतंच, पण आता मला एवढंच कळायला हवं होतं की चूक शाळेची, पोरीची, का माझी. कारण पुढच्या वर्षीची जागा राखायचा अर्ज महिनाअखेर भरायचा होता. भरायचा, की पोरीला मागच्या गल्लीतल्या छोट्या शाळेत घालायचं?

आणि नेमकी तेव्हाच सूचना आली, खासगी शाळांची गुणवत्ता तपासायला सरकारी निरीक्षक येणार. दोन दिवस वर्गात बसणार, मुलांना वाचायला लावणार, पालकांशी बोलणार. मी म्हटलं, सुटले! आता एक तिऱ्हाईत, शिकलेला माणूस सांगेल ना खरं काय ते. अहवालात 'वाचन कच्चं' आलं की शाळा बदलायची. 'पक्कं' आलं की मी माझ्या नशिबाला बोल लावायचा. ठरलं.

तर दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन. "तुमची पालक म्हणून निवड झालीय."

"माझी? का?"

"तुम्ही कधी तक्रार करत नाही ना!"

वर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अगदी मनमोकळं बोला हं." दातांचे डॉक्टर 'मुळीच दुखणार नाही' म्हणतात ना, त्याच आवाजात.

पण मी ठरवलं, बोलायचंच. तीन मुद्दे काढले. पोरगी वाचत नाही, पाठ म्हणते. शिक्षिका टिकत नाहीत. तीस मुलांत एकेकाकडे कुणाचं लक्ष नाही. चिठ्ठीवर लिहिले, आरशासमोर घोकले, आंघोळ करताना म्हटले. पाठ! एकदम पाठ!

आणि मला बसवलं कुठे, तर वाचनालयात, पहिलीच्या मुलांच्या खुर्चीवर. गुडघे कानाला लागलेले. समोर निरीक्षकबाई, सर्दी झालेल्या, हातात पेन. खोलीत तिसरं कुणी नाही हो! मुख्याध्यापिकाबाई तर खाली गेल्या होत्या. म्हणजे मला घाबरायला काही निमित्तसुद्धा नव्हतं.

"मुलीच्या वाचनाबद्दल काय सांगाल?"

आणि माझ्या डोक्यात एकदम सगळं सुरू झालं. मी सांगितलं तर कोण बोललं ते कळणार, मग 'खिडकीजवळची' जाईल दाराजवळ, मग तिला सगळ्यांसमोर उभी करून वाचायला लावतील, मग ही बाई विचारणार, "घरी अभ्यास कोण घेतं?" तर कोण घेतं? मीच ना!

"छान आहे," मी म्हटलं.

"शाळेबद्दल काही म्हणणं?"

"तसं शाळेबद्दल माझं काही म्हणणं नाही."

त्या काहीच बोलेनात. नुसतं पेन धरून बघत राहिल्या. आता अशी शांतता मला सोसत नाही, कुणीतरी बोलायला हवं, आणि तिथे दोघीच होतो... म्हणून मीच बोलत सुटले. "उलट मुलं रमतात. प्रत्येक मुलाकडे व्यक्तिशः लक्ष दिलं जातं. मूल... मूल स्वतः घडतं!" ही वाक्यं आली कुठून? अहो, शाळेच्या माहितीपत्रकातून! प्रवेशाच्या वेळी इतक्यांदा वाचलं होतं की तोंडपाठ झालंय. माझे तीन मुद्दे गेले वाऱ्यावर आणि माहितीपत्रक बाहेर आलं धडाधड. फक्त खोकायची राहिले!

मग आला अहवाल. पान नऊ: 'इयत्ता दुसरीतील एका विद्यार्थिनीने धडा अस्खलित वाचून दाखवला. विरामाचे भान विशेष उल्लेखनीय.' मी पोरीला हाक मारली.

"खारू, त्या बाईंना तू वाचून दाखवलंस?"

"हो."

"खोकलीस?"

"म्हणजे काय! नाहीतर चुकलं असतं ना!"

पान अकरा नवऱ्यानं मोठ्यानं वाचलं. "'एका सुविद्य पालकांनी शाळेतील व्यक्तिशः लक्ष देण्याच्या पद्धतीविषयी उत्स्फूर्तपणे समाधान व्यक्त केले.' बघ! याला म्हणतात संतुलित बाई. नाहीतर तू!"

"अरे, ती बाई मीच आहे!"

त्यानं अहवाल मिटला. "मग झालं तर. तुलाही पटलंय."

दुसऱ्या दिवशी मी तडक मागच्या गल्लीतल्या शाळेत. तिथल्या मोठ्या बाई खडूनं माखलेल्या हातांनीच बाहेर आल्या, मला आत नेऊन बसवलं, स्वतःही बसल्या. म्हटलं, मुलीला इकडे घालायचंय. कुठून येतेय ते सांगितलं, तर त्या खुर्चीतून उठल्याच.

"तिथून? इकडे? अहो, त्यांना 'उत्कृष्ट' मिळालंय! आम्ही नुसते 'समाधानकारक'. त्यांची वाचन शिकवायची पद्धत बघून यायला आमच्या दोन शिक्षिका पाठवतेय मी पुढच्या आठवड्यात!"

"पण बाई, माझ्या मुलीला..."

"ती तर मस्त वाचत असेल. आणा की उद्या, आमच्या मुलांसमोर वाचू दे एखादं नवीन पुस्तक. त्यांना जरा हुरूप येईल. की तिथे काही झालंय? काही तक्रार?"

हीच वेळ होती. दार उघडं होतं, बाई भल्या होत्या, खुर्चीसुद्धा मोठ्या माणसाची होती.

"छे छे," मी म्हटलं, "तसं शाळेबद्दल माझं काही म्हणणं नाही." आणि घरी आले.

मग काय, बसवलं पोरीला समोर. घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी. 'नळ'. 'घर'. 'मग'. चित्र नाही, काही नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास, ती रडते, मग मी रडते, मग दोघी बिस्किट खातो. तेराव्या दिवशी तिनं चिठ्ठीवर बोट ठेवलं, "न... ळ... नळ! आई, हे नळच लिहिलंय!" आणि मग घरभर वाचत सुटली. नवरा बाहेरच्या खोलीतून ओरडला, "बघ! उगाच नाही उत्कृष्ट देत!"

काल महिनाअखेर. अर्ज भरला, त्याच शाळेचा. सगळ्यात खाली एक रकाना होता, 'हीच शाळा निवडण्याचे कारण'. बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, 'पालकांचे उत्तम अभिप्राय.'